३ कुठे हरवतो? हॅन्डीवरून लिंकचा कोड न लागण्याचं एक प्रकरण

एका हॅम रेडिओ क्लबच्या इकोलिंक नोडवर, म्हणजे रेडिओवरचं बोलणं इंटरनेटने दूरच्या नोडशी जोडणाऱ्या स्टेशनवर, घडलेली ही गोष्ट. तक्रार साधी होती. एका सदस्याच्या हॅन्डीवरून, म्हणजे हातात धरायच्या सेटवरून, लिंकचा क्रमांक लागत नव्हता, बाकीच्यांच्या हॅन्डीवरून लागत होता. अशी तक्रार आली की बहुतेक ठिकाणी निकाल ठरलेला असतो, ‘तुझा सेट बदल’. इथे तसं झालं नाही, कारण तक्रार करणारा गडी चिकट होता आणि नोड सांभाळणाऱ्या ओएमना (‘ओल्ड मॅन’, हॅम एकमेकांना असंच म्हणतात) आपल्या जोडणीबद्दल जरा जास्तच खात्री होती. दोघांची ताणाताणी सुरू झाल्यावर मला बोलावलं गेलं. पुढे कळलं की दोष दोन होते आणि एक दुसऱ्याच्या आड लपला होता. प्रकरण लिहून ठेवतो आहे ते त्यासाठीच.

मांडणी काय होती

नोड म्हणजे व्हीएचएफवरचा एक मोबाइल सेट, एका ठरलेल्या सिम्प्लेक्स फ्रीक्वेन्सीवर, म्हणजे पाठवणं आणि घेणं एकाच फ्रीक्वेन्सीवर. आत शिरायला ८८.५ हर्ट्झचा सीटीसीएसएस टोन लागतो, बोलण्याखाली सतत चालणारा एक खालचा सूर. सेटच्या मागच्या सहा पिनांच्या डेटा सॉकेटमधून केबल इंटरफेस बोर्डावर, आणि बोर्डावरून संगणकात. डीटीएमएफचे, म्हणजे कळा दाबल्यावर सुरांतून जाणारे, आकडे ओळखायचं काम बोर्डावरची एमटी८८७० जातीची चिप करते आणि ओळखलेला आकडा संगणकाला कळवते. संगणकावर इकोलिंक चालू. जोनाथन टेलर (कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची ओळख, के१आरएफडी) यांनी २००२ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर हॅमना आता नवं नाही.

वापरणाऱ्याच्या बाजूने काम एवढंच: कॉलसाइन सांगायची, पीटीटी, म्हणजे बोलायची कळ, दाबून ठेवायची, ज्या नोडशी जोडायचं त्याचा क्रमांक कळांवर दाबायचा, पीटीटी सोडायची. जोडणी तोडायला हॅश. सध्या कोण जोडलंय हे विचारायला ०८. स्वतःचा आवाज परत ऐकून तपासायचा असेल तर ९९९९ हा चाचणीचा क्रमांक. चालकाने बदल केले नसतील तर हेच कोड चालतात. दुसऱ्या लिंक यंत्रणांचे कोड वेगळे असतात. आयआरएलपीवर तोडायला ७३ आणि चाचणीला ९९९०, ऑलस्टारवर जोडायला स्टार, ३ आणि मग नोडचा क्रमांक. एका यंत्रणेचा कोड दुसरीवर दाबून ‘लागत नाही’ म्हणणारे भेटतात, पण आपला गडी त्यातला नव्हता.

हॅन्डीवरून कोड पाठवायच्या दोन रीती आहेत. एक, पीटीटी दाबून एकेक कळ हाताने दाबणं. दुसरी, कोड आधीच डीटीएमएफ मेमरीत भरून ठेवणं आणि वेळ आली की सेटलाच तो सगळा सोडायला लावणं. मेमरीवाल्या रीतीत आणखी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. प्रत्येक टोन किती वेळ वाजवायचा, आणि पीटीटी लागल्यापासून पहिला टोन किती उशिराने सोडायचा. बहुतेकांनी या दोन सेटिंगना कधी हात लावलेला नसतो. कारखान्यातून जे आलं ते चालू.

याच मेनूत पीटीटी-आयडी नावाचा प्रकारही बसलेला असतो. तो चुकून चालू राहिला तर प्रत्येक वेळी बोलायला सुरुवात करताना किंवा संपवताना सेट आपणहून आकडे फेकतो आणि नोड बुचकळ्यात पडतो. म्हणून आधी तेच पाहिलं. बंद होता.

पहिला दोष: दार उघडायच्या आत आकडा निघून गेला

गड्याने आपला नेहमीचा क्रमांक मेमरीत ठेवला होता. तो ३ ने सुरू होतो, हे लक्षात ठेवा. मेमरीतून सोडला की नोडकडून काहीच नाही, किंवा ‘असा नोड नाही’ अशा अर्थाचं उत्तर. हाताने दाबला तरी तेच. ९९९९ हाताने दाबला की लागायचा, मेमरीतून सोडला की लागायचा नाही.

इतका वेळ सगळे हॅन्डीकडे बघत होते. नोडला काय ऐकू येतं ते कुणी बघितलं नव्हतं. संगणकाच्या पडद्यावर चिपने ओळखलेले आकडे एकामागून एक उमटतात. ओएमना तिथे बसवलं, गड्याला मेमरीतून ९९९९ सोडायला सांगितलं. पडद्यावर आलं ९९९. पुन्हा सोडला, पुन्हा ९९९. पहिला आकडा गायब.

याचं कारण सापडायला वेळ लागला नाही. स्क्वेल्च (योग्य सिग्नल येईपर्यंत आवाज बंद ठेवणारं दार) उघडल्याचा इशारा डेटा सॉकेटच्या सहाव्या पिनवर येतो आणि तो आल्याशिवाय बोर्ड आकडे मोजत नाही. या सेटमध्ये तो इशारा सीटीसीएसएस जुळल्यावरच मिळतो. ८८.५ हर्ट्झच्या टोनचं एक आवर्तन सव्वाअकरा मिलिसेकंदांचं. टोन खराच ८८.५चा आहे, शेजारचा ८५.४ किंवा ९१.५ नाही, याची खात्री करायला डिकोडरला अशी बरीच आवर्तनं ऐकावी लागतात. त्यात सेकंदाचा पाचवा-चौथा हिस्सा सहज जातो. गड्याची हॅन्डी मात्र पीटीटी लागल्यावर १०० मिलिसेकंदांत पहिला आकडा सोडत होती, आणि तोही ५० मिलिसेकंदांचा. नोडचं दार उघडेपर्यंत पहिला ९ येऊन गेलेला असे. हाताने दाबताना माणूस पीटीटी दाबून कळ शोधतो, तेवढ्यात दार उघडतं. म्हणून हाताने लागायचं.

पहिल्या आकड्याआधीचा थांबा १०० वरून ७५० मिलिसेकंदांवर नेला. टोनची लांबी ५० वरून १०० केली. चिपला ४० मिलिसेकंदांच्या आसपासचा टोन पुरतो, पण हवेतून येणाऱ्या सिग्नलला थोडी सैल वेळ दिलेली बरी. ९९९९ मेमरीतून सोडला, पडद्यावर चारही ९ आले, चाचणीच्या सर्व्हरने आवाज परत ऐकवला. सगळे खूश.

जाता जाता एक सांगतो. नोड म्हणून मोबाइल सेटऐवजी हॅन्डी लावलेली असेल आणि तिची बॅटरी बचत चालू राहिली असेल, तर हाच दोष आणखी वाईट रूपात दिसतो. रिसीव्हर मधूनमधून झोपतो. मग पहिला आकडा जाईल, पहिले दोन जातील की एकही जाणार नाही, हे नशिबावर. इथे तसं नव्हतं.

३ तरीही नाही

मग गड्याने आपला खरा क्रमांक सोडला. नोडकडून पुन्हा नकार. पडद्यावर पाहिलं तर ३ वगळून बाकीचे आकडे ओळीने हजर. म्हणजे पुन्हा पहिलाच आकडा गायब!

आता सगळ्यांचं म्हणणं एकच, थांबा अजून कमी पडतोय. थांबा १००० केला, तरी तेच. हाताने, पीटीटी दाबून चांगला श्वास घेऊन मग ३ दाबला, तरी तेच. इथे खरं तर शंका यायला हवी होती, कारण त्याच थांब्यावर पहिला ९ मिळत होता. पण एकदा उत्तर सापडलं की माणूस त्याच उत्तराला चिकटतो. त्यात क्रमांक ३ ने सुरू होणारा, त्यामुळे ‘पहिला आकडा’ आणि ‘३ हा आकडा’ एकमेकांत मिसळून गेले. क्रमांकात ३ मध्ये कुठेतरी असता तर हा घोळ झालाच नसता.

सल्ले नेहमीचेच आले. पॉवर वाढव. अँटेना बदल. जवळ जाऊन बघ. गडी नोडच्या अँटेनाखाली उभा राहिला असता तरी फरक पडला नसता. त्याचा सिग्नल नोडवर पूर्ण शांत येत होता, पाठीमागे खरखर नाही. एफएममध्ये सिग्नल एवढा चांगला असला की टोनचा जोर पॉवरवर ठरत नाही, डेव्हिएशनवर, म्हणजे आवाजाने फ्रीक्वेन्सी किती हलते त्यावर, ठरतो. माइक दूर धर, जवळ धर, याचाही संबंध नाही, कारण टोन सेटच्या आतच तयार होतात.

एक सल्ला मात्र विचार करण्याजोगा होता. हॅन्डी नॅरोवर, म्हणजे अरुंद चॅनेलच्या सेटिंगवर, तर नाही ना? नॅरोवर डेव्हिएशन जवळपास निम्मं होतं आणि नोडला सगळं सहा डेसिबलने हळू ऐकू येतं. तपासलं, हॅन्डी वाइडवरच होती. नॅरोवर असती तरी सगळे आकडे सारखेच हळू झाले असते. एकट्या ३ वर संकट आलं नसतं.

मी सांगितलं, क्रमांक विसरा, सगळ्या कळा ओळीने दाबा. १ पासून ९, मग स्टार, शून्य, हॅश. प्रत्येक कळ नीट थांबून. पडद्यावर ३ सोडून सगळं आलं. पुन्हा केलं तेव्हा ३ बरोबर ६ पण गेला. पुन्हा केलं तेव्हा ६ आला, २ गेला. ३ मात्र एकदाही नाही.

‘सर, माझी ३ ची कळच बिघडली असणार,’ गडी म्हणाला. ओएमच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. पण कळ बिघडली तर मेमरीतून सोडलेला ३ का हरवावा? मेमरीला कळ लागत नाही.

हॅन्डीवर ए, बी, सी, डी या चार कळाही असतात, बहुधा मेनू आणि बाणांच्या कळांवर. पीटीटी दाबलेली असताना त्याच कळा ही चार अक्षरं पाठवतात. (मुळात ती अमेरिकी सैन्याच्या ऑटोव्हॉन या टेलिफोन जाळ्यासाठी होती, कुणाचा फोन आधी लागावा ते ठरवायला. घरगुती फोनवर ती कधी आली नाहीत, पण हॅमनी ती उचलली.) त्याही दाबून पाहिल्या. डी प्रत्येक वेळी आला. सी कधी आला, कधी नाही. ए आणि बी एकदाही नाही.

आता कळांचं चित्र कागदावर काढलं आणि न मिळणाऱ्यांवर फुल्या मारल्या. वहीच्या पानाचा वरचा उजवा कोपरा दुमडावा तशा त्या बरोबर एका कोपऱ्यात गोळा झाल्या. दुमड जिथून गेली त्या रेषेवर २, ६ आणि सी, म्हणजे कधी हो, कधी नाही असलेले. कळ बिघडली किंवा सिग्नल पडला तर असं चित्र निघत नाही.

कोपरा काय सांगतो

प्रत्येक कळ दाबली की दोन सूर एकदम वाजतात. ओळीप्रमाणे एक खालच्या पट्टीतला: ६९७, ७७०, ८५२ किंवा ९४१ हर्ट्झ. स्तंभाप्रमाणे एक वरच्या पट्टीतला: १२०९, १३३६, १४७७ किंवा १६३३. ३ म्हणजे ६९७ आणि १४७७. बेल कंपनीने ही रीत १९६३ मध्ये फोनवर आणली तेव्हा हे आठ सूर असे निवडले की कुठलाही दुसऱ्याची पट नाही आणि कुठल्याही दोघांची बेरीज-वजाबाकी तिसऱ्यावर पडत नाही. बोलण्यातून चुकून आकडा तयार होऊ नये, ही काळजी. त्याच काळजीपोटी चिप आणखी एक अट घालते. दोन सुरांचा जोर साधारण बरोबरीचा हवा. एक फारच मोठा आणि दुसरा फारच लहान असेल तर ती त्याला आकडा मानत नाही, कारण माणसाच्या आवाजात असे एकतर्फी सूर सारखे येतात. या फरकाला ट्विस्ट म्हणतात. एमटी८८७० जातीची चिप साधारण ८ डेसिबलपर्यंतचा फरक चालवून घेते.

आता एफएम सेटची सवय. पाठवणारा सेट आवाजातले वरचे सूर मुद्दाम उचलून पाठवतो, वारंवारता दुप्पट झाली की जोर ६ डेसिबलने जास्त. याला प्री-एम्फसिस म्हणतात. एफएमचा खरखराट वरच्या सुरांकडे वाढत जातो म्हणून ही तरतूद. घेणारा सेट तेवढंच उलट दाबतो, ते डी-एम्फसिस. दोन्ही झालं की हिशेब फिटतो. घेणाऱ्या बाजूला दाबणं राहून गेलं तर वरची पट्टी फुगलेलीच राहते, आणि दोन सुरांत जितकं अंतर जास्त तितका फरक मोठा. प्रत्येक कळेसाठी तो किती होतो ते मांडून पाहिलं. वरच्या पट्टीचा जोर खालच्यापेक्षा किती डेसिबलने वाढतो, असा तक्ता:

| | १२०९ | १३३६ | १४७७ | १६३३ |
|---|---|---|---|---|
| ६९७ | १: ४.८ | २: ५.७ | ३: ६.५ | ए: ७.४ |
| ७७० | ४: ३.९ | ५: ४.८ | ६: ५.७ | बी: ६.५ |
| ८५२ | ७: ३.० | ८: ३.९ | ९: ४.८ | सी: ५.७ |
| ९४१ | स्टार: २.२ | ०: ३.० | हॅश: ३.९ | डी: ४.८ |

तक्ता आणि फुल्यांचा कागद शेजारी ठेवले. सगळ्यात मोठे आकडे ए, ३ आणि बी. त्यांच्या खालोखाल २, ६, सी. फुल्यांचा क्रम तंतोतंत तोच. वाद तिथे संपायला हवा होता, पण ओएमनी नेमका प्रश्न विचारला. ‘६.५ तर ८ च्या आत आहे. मग ३ का हरवतो? आणि माझ्या हॅन्डीवरून हरवत नाही, त्याचं काय?’

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मोजूनच द्यावं लागलं. दुसऱ्या एका रिसीव्हरच्या इअरफोनच्या सॉकेटमधून, म्हणजे डी-एम्फसिस झाल्यानंतरचा आवाज संगणकात घेतला, गड्याला ३ ची कळ सेकंदभर दाबून ठेवायला लावली आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा स्पेक्ट्रम काढला. दोन शेंडे स्पष्ट उभे राहिले, एक ६९७ वर, एक १४७७ वर. दुसरा पहिल्याहून साधारण २ डेसिबल उंच. ओएमच्या हॅन्डीवरून तेच केलं तर दोन्ही शेंडे बरोबरीचे.

गड्याची हॅन्डी वरची पट्टी मुळातच २ डेसिबल जास्त पाठवते. हा दोषही म्हणता येत नाही. फोनच्या लांब तारेत वरचे सूर जास्त मरतात, म्हणून टेलिफोनसाठी बनलेले टोन जनरेटर वरची पट्टी एवढीच चढी ठेवत आले आहेत, आणि काही हॅन्डींत ती रीत जशीच्या तशी उतरली आहे.

मग नोडच्या इंटरफेस बोर्डाच्या तोंडाशी तेच मोजलं. गड्याच्या ३ चा फरक साडेआठच्या आसपास, ओएमच्या ३ चा साडेसहा. ८ ची रेघ दोघांच्या मधून जाते. गड्याच्या २, ६ आणि सी मध्ये २ मिळवा, पावणेआठच्या जवळ येतात, बरोबर रेघेवर. १, ५ आणि ९ सातच्या खाली, म्हणून ९९९९ ला कधी अडचण आलीच नाही. चाचणीचा क्रमांकच असा की हा दोष त्याला दिसत नाही.

केबल कुणी बदलली

डी-एम्फसिस कुठे गेलं हा प्रश्न उरला. नोडच्या वहीत उत्तर होतं. आधी आवाज सेटच्या बाहेरच्या स्पीकर सॉकेटमधून घेतला जाई. कुणीतरी आवाजाची कळ फिरवली की लिंकची पातळी बिघडे, म्हणून ओएमनी नवी केबल बांधून आवाज डेटा सॉकेटमधून घेतला. विचार योग्यच होता, त्या सॉकेटवरच्या पातळीला आवाजाची कळ लागत नाही. पण त्या सॉकेटवर आवाजाच्या दोन पिना असतात. पाचवी १२०० बॉड वेगाच्या पॅकेटसाठी, म्हणजे रेडिओवरून डेटा पाठवण्यासाठी, तिच्यावर डी-एम्फसिस झालेला साधा आवाज येतो. चौथी ९६०० बॉडसाठी, तिच्यावर डिस्क्रिमिनेटरचा (एफएम सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या भागाचा) कच्चा आवाज, काहीही न दाबलेला. केबल चौथीवर बांधली होती. ९६०० मोठा आकडा, म्हणजे दर्जा चांगला, असा समज बऱ्याच जणांचा असतो.

मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. केबल बदलल्यापासून दूरच्या नोडवरचे लोक सांगत होते, ‘तुमच्याकडचा आवाज आता फार क्लिअर येतो.’ क्लबात त्याचं कौतुकही झालं होतं. तो क्लिअरपणा म्हणजे हाच फुगलेला वरचा सूर. स, श, च कानाला टोचत होते, भरीवपणा गेला होता, पण लहान स्पीकरवर असा आवाज उठून ऐकू येतो आणि लोकांना तो स्वच्छ वाटतो. दोषाची खबर सगळ्यांच्या कानावर रोज पडत होती, तीही शाबासकीच्या रूपात.

याहून गंभीर एक गोष्ट त्याच संध्याकाळी निघाली. नोड हवेतून बंद करायचा चालकाचा गुप्त कोड ए ने सुरू होत होता. तसं ठेवण्यामागे शहाणपण आहे, चुकून कुणाच्या हातून तो दाबला जाऊ नये. (गुप्त हा शब्द जपून घ्यायचा. डीटीएमएफ ऐकणारा कुणीही ते आकडे उकलू शकतो, मल्टिमॉन-एनजीसारखं मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं.) ए चा फरक तक्त्यात ७.४. बरोबरीचे सूर पाठवणाऱ्या हॅन्डीलाही तो रेघेच्या काठावर आणतो. ओएमनी स्वतःच्या हॅन्डीवरून बंद करायचा कोड दाबला. नोड बंद झाला नाही. पुन्हा दाबला, नाही. तिसऱ्यांदा झाला. नोड हवेत अडकून बडबडत राहिला असता तर तो बंद करायचं साधन असं लहरी झालं होतं, आणि केबल बदलल्यापासून ते कुणी तपासलं नव्हतं. एका सदस्याचा ३ न लागणं ही गैरसोय. स्टेशन चालकाच्या ताब्यात नसणं हा निराळा मामला, त्यावर परवान्याची जबाबदारी येते. तोवर ‘तुझा सेट’ म्हणणारे ओएम गप्प झाले आणि स्वतःच सोल्डरिंग आयर्न तापवायला लागले.

काय केलं, काय केलं नाही

मार्ग तीन होते. चिपऐवजी इकोलिंकचा स्वतःचा डिकोडर वापरून त्याची अट ढिली करणं हा पहिला. मला तो पटला नाही. अट ढिली केली की बोलण्यातून खोटे आकडे निघायची शक्यता वाढते. मधेच कुणाच्या हसण्यातून हॅश निघाला आणि रंगलेला क्यूएसओ, म्हणजे हवेवरचं संभाषण, तुटला, तर तो शोधायला याहून दसपट त्रास. शिवाय टोचणारा आवाज तसाच राहिला असता.

दुसरा मार्ग केबलमध्येच एक रोध आणि एक कपॅसिटर टाकून डी-एम्फसिस बाहेर करायचा. ५.१ किलोओम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतले तर ३१० हर्ट्झच्या जरा वरपासून जोर उतरायला लागतो, काम भागतं. ज्या सेटला कच्च्या आवाजाचीच पिन आहे तिथे हेच करावं लागतं. इथे शेजारचीच पिन रिकामी होती. चौथीची तार पाचवीवर नेली, बोर्डावरची पातळी पुन्हा जुळवली, एवढंच. काही सेटांत दोन पिनांऐवजी मेनूत १२०० आणि ९६०० असा पर्याय असतो. तिथे सोल्डरिंगही लागत नाही.

परत मोजलं. गड्याच्या ३ चा फरक २ वर आला, म्हणजे त्याच्या हॅन्डीचा जो मुळातला होता तेवढाच. सोळाच्या सोळा कळा पडद्यावर ओळीने उमटल्या. मेमरीतला क्रमांक ७५० मिलिसेकंदांच्या थांब्यासह लागला. थांबा पुन्हा १०० वर आणून पाहिला तर पहिला आकडा गेला, म्हणजे तो दोष खराच होता, दुसऱ्याचं सोंग नव्हता. पुन्हा ७५० केला. बंद करायचा कोड ओएमच्या हॅन्डीवरून पहिल्याच दाबात लागला.

दूरच्या एका नोडवरून विचारणा आली, तुमचा आवाज आज जरा बसका का येतोय?

नोडच्या वहीत आता एक ओळ वाढली आहे. सेट, केबल किंवा बोर्ड यांपैकी काहीही हलवलं की कमीत कमी दोन वेगवेगळ्या हॅन्डींवरून सोळाही कळा दाबून पडदा पाहायचा, आणि बंद करायचा कोड खरोखर चालवून बघायचा. ९९९९ लागला म्हणजे झालं, असं धरायचं नाही. गड्यालाही सांगून ठेवलंय की तुझ्या हॅन्डीची वरची पट्टी चढीच आहे. दुसऱ्या कुणाच्या नोडवर कच्चा आवाज घेतलेला असेल तर तिथे तुझा ३ पुन्हा हरवेल, आणि तेव्हा तिथल्या चालकाला २, ६, ए आणि बी बद्दल विचार.

एक बारीकसं शिल्लक आहे. एका सदस्याकडे अशी हॅन्डी निघाली जी डीटीएमएफचे सूर प्री-एम्फसिसच्या पुढच्या टप्प्यावर सोडते, म्हणजे उचलल्याशिवाय. जुन्या केबलवर तिचा प्रत्येक आकडा बिनचूक येत होता, दोन्हीकडे दाबणं नाही आणि उचलणंही नाही म्हणून. आता नोड दाबतो, त्यामुळे तिच्या वरच्या पट्टीचा जोर तोच तक्ता उलटा धरून कमी होतो, आणि तिचा ए अधूनमधून हुकतो. १ ते ९, स्टार, शून्य, हॅश नीट येतात. त्या सदस्याला ए कधी लागत नाही, त्यामुळे ती तशीच ठेवली आहे. मात्र बंद करायचा कोड कुणी कुठल्या हॅन्डीवरून द्यायचा, त्या यादीत तिचं नाव नाही.